भोंगाबाईंची थरथरणारी खिडकी

भोंगाबाईंना ठार ऐकू येत नाही, हे गोदामात नव्यानं लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी कळतच नाही. त्याला एवढंच कळतं, की मधल्या काचेच्या केबिनमध्ये एक ठेंगणी चष्मेवाली बाई बसते आणि तिनं तोंड उघडलं की पार मागच्या भिंतीपाशी उभा असलेला माणूसही दचकतो. "दोन नंबरला लावा रे! दोन! माझ्या तोंडाकडं काय बघताय, शटर उघडा!" शीतखोलीचा कॉम्प्रेसर धडधडत असो, ट्रॉल्यांची चाकं फरशीवर करकरत असोत, बाईंचा आवाज त्या सगळ्याच्या वरून जातो. मग चहाच्या वेळी कुणीतरी नव्याला सांगतं, "अरे, त्यांना ऐकू येत नाही." तो म्हणतो, "चल, काहीही फेकू नकोस." आणि खात्री करून घ्यायला बाईंच्या पाठीमागं जाऊन टाळ्या वाजवून बघतो. बाईंना हे सगळं समोरच्या काचेत दिसत असतं. त्या मान न वळवता विचारतात, "झाल्या का टाळ्या वाजवून? आता पेट्या उचला."

भोंगा हे नाव हमालांनी ठेवलेलं, अर्थात पाठीमागं. पण ओठ वाचणाऱ्या बाईच्या बाबतीत पाठीमागं असं काही नसतं. केबिनला तीन बाजूंनी काच, एका बाजूला तेवढी भिंत, आणि माणसं आपली बिनधास्त बोलायची. एक दिवस बाईंनी काचेपलीकडच्या मुकादमाच्या तोंडावरून तो शब्द उचलला. मुकादमाला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशी आपल्या जेवणाच्या डब्यावर रंगानं मोठ्ठ्या अक्षरांत 'भोंगा' लिहून आणलं. म्हणाल्या, "डबा हरवतो सारखा. आता कुणाचा आहे ते कळेल." तेव्हापासून सगळे तोंडावरच भोंगाबाई म्हणायला लागले.

तर ही बाई जन्मतः बहिरी नव्हती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला तिला ताप आला, चांगला सडकून आला, आणि तो उतरला तेव्हा आई पलंगाशी बसून काहीतरी बोलत होती आणि खोलीत आवाज नव्हता. डॉक्टर झाले, यंत्रं लावून झाली, काही उपयोग झाला नाही. तिला कान गेल्याचं दुःख झालं, का नाही होणार? पण त्याहून जास्त संताप आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. घरी पाहुणे आले की तिच्याकडं बघून तिच्या आईला विचारायचे, "हिला चहा हवाय का विचारा." ती समोर बसलेली, हातपाय धड, डोकं शाबूत, आणि विचारायचं दुसऱ्याला! एकदा तिनं कप दाणकन टेबलावर आपटला आणि ओरडली, "माझे कान गेलेत, तोंड नाही गेलं! मला विचारा!" आपला आवाज केवढा निघतो याचा तिला अंदाज राहिला नव्हता. शेजारचे दार उघडून बघायला आले. पण त्या दिवसानंतर चहाचं तिलाच विचारायला लागले, आणि आवाज कमी करायची गरज तिला काही वाटली नाही.

नवरा मिळाला तो अगदी उलट. शिलाई मशीन दुरुस्त करणारा, घुम्या, दिवसभरात मोजके शब्द बोलणारा. पहिल्या भेटीत त्यानं खिशातून पेन काढलं आणि स्वतःच्या तळहातावर लिहून तिच्यासमोर धरलं: 'चहा कडू आहे ना?' ती एवढ्या मोठ्यानं हसली की हॉटेलातल्या सगळ्या माना वळल्या. आणि हा माणूस लाजला नाही. तिथंच जमलं.

त्यांच्या घरात हाक मारायची रीतही त्यानंच बसवली. बाई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असली आणि तिला बोलवायचं असलं, की दिव्याचं बटण दोनदा खाली-वर करायचं. उजेड गेला, आला, गेला, आला, की ती वळणार. लेकीला तर बोलता येण्याआधी बटण दाबता यायला लागलं. त्यासाठी तिला कडेवर घेऊन भिंतीपाशी न्यावं लागायचं. सासूबाई पहिल्यांदा कुरकुरल्या, "दिवे उडतील अशानं." मग त्यांनाच बटणाची इतकी सवय लागली की मीठ कुठं ठेवलंय हे विचारायलासुद्धा त्या घरभर वीज चमकवायच्या.

आता ही हाक लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

गोदामातलं काम असं. माल घेऊन गाडी फाटकापाशी येते. फाटकावरचा वॉचमन गाडीचा नंबर आणि माल कोणता ते लिहून निरोप पाठवतो. तो निरोप केबिनमधल्या लॅपटॉपवर येतो. केबिनमधल्या माणसानं कुठलं शटर मोकळं आहे ते बघून गाडी तिकडं घ्यायला सांगायचं आणि हमालांना उठवायचं. एवढंच. पण एवढंच चुकलं तर बाहेर गाड्यांची रांग लागते, दही-दुधाच्या पेट्या उन्हात तापतात, आणि ड्रायव्हर लोक काय काय बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाई या खुर्चीवर आली ती योगायोगानं. आधीचा कारकून नोकरी सोडून गेला, बाई तेव्हा मागच्या खोलीत खोक्यांना लेबलं चिकटवायची, आणि कुणीतरी म्हणालं, तात्पुरतं बसवा हिला. पहिले दिवस फार हालाचे गेले. निरोप आला की लॅपटॉप 'टिंग' करायचा आणि कोपऱ्यात एक इवलीशी चौकट यायची, क्षणात नाहीशी व्हायची. बाईला टिंगचा काय उपयोग? ती डोळे फाडून त्या कोपऱ्याकडं बघत बसायची. पाणी कमी प्यायची, म्हणजे जागेवरून उठायला नको. घरी गेली की डोळ्यांतून पाणी गळायचं आणि सासूबाईंना वाटायचं, सून रडतेय.

मग तिला तो खजिना सापडला. कंपनी एक नंबरची कंजूष, म्हणून सगळ्या लॅपटॉपांवर फुकट मिळणारी सिस्टिम टाकलेली. त्या सिस्टिमच्या पोटात, सेटिंगमधल्या सेटिंगमध्ये, पडद्यावरच्या करामतींची एक अख्खी पेटी होती. इफेक्ट म्हणायचे त्यांना. खिडकी धरून ओढली तर ती लापशीसारखी डुलेल, सगळा पडदा चौकोनी ठोकळा होऊन गरगर फिरेल, बंद केलेली खिडकी जळून जाईल, पडद्यावर पाण्याचे थेंब पडतील. लोक दोन दिवस खेळतात आणि सोडून देतात. बाईनं जेवणाच्या सुट्टीत सगळ्याच्या सगळ्या करामती एकदम चालू केल्या. लॅपटॉपनं एक आचका दिला आणि तो जागच्या जागी थिजला. ठोकळा अर्धा फिरून तिरका उभा, त्याच्या एका बाजूला आग लागलेली, वर पाऊस. बाईची हसून हसून मुरकुंडी वळली.

तो लॅपटॉप होताच तसा गरीब. त्यात चित्रं रंगवायला वेगळं कार्ड नव्हतं. हिशेब करणाऱ्या चिपमध्येच चित्रांसाठी एक छोटासा कोपरा दिलेला, आणि मेमरीचं भांडंही दोघांत एकच. चित्रांनी जास्त वाढून घेतलं की हिशेब उपाशी. त्यातून बाईनं हट्टानं एक जुना मोठा पडदा त्याला जोडून घेतलेला. मग ती एकेक गोष्ट काढून बघायला लागली. ठोकळा काढला. पाऊस काढला. सावल्या, धुकं, काचेसारखं पारदर्शक दिसणं, सगळं काढलं. आगीचा मोह तेवढा सुटत नव्हता, पण ती पेटली की पंखा असा काही फिरायचा की तिला टेबल हादरल्यासारखं वाटायचं. पंखा तिला ऐकू येत नसे. ती तळहात लॅपटॉपच्या पाठीवर ठेवायची, लहान मुलाचा ताप बघावा तसा. हात कोमट आणि शांत राहिला की ठीक. शेवटी आगही काढली.

उरल्या दोन गोष्टी. नवा निरोप आला की त्याची खिडकी पडद्याच्या मधोमध उघडायची आणि थरथरायची. आणि ती उघडली की बाकी सगळा पडदा काळोखा व्हायचा. बाई वहीत लिहीत असो, डबा खात असो, डोळ्याच्या कडेला उजेड गेल्याचं तिला कळायचंच. घरच्या दिव्याच्या बटणासारखं. पहिल्यांदा ती खिडकी तशी थरथरली, तेव्हा बाई एकटीच केबिनमध्ये मोठ्यानं म्हणाली, "आले गं, आले!" बाहेर अख्ख्या गोदामानं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती तात्पुरती राहिली नाही. त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवायचा विचार वर्षानुवर्षं कुणाच्या मनातही आला नाही.

आणि मग मुख्य कचेरीतून सिस्टिमवाला आला.

माणूस वाईट नव्हता. सडपातळ, पाठीला बॅग, दमलेला चेहरा; गावोगावची गोदामं पालथी घालून आलेला. त्याला हुकूम होता की सगळीकडचे लॅपटॉप एकसारखे करायचे, कारण नवा प्रोग्राम जड आहे आणि या जुन्या यंत्रांवर त्याला जागा हवी. त्यानं बाईंचा पडदा बघितला आणि कपाळावर हात मारला. "हे काय? वेगळं कार्ड नाही, नुसतं इंटिग्रेटेड ग्राफिक्स, आणि त्यावर इफेक्ट? अहो, ऑफिसच्या मशीनवर कुणी असले चोचले करतं का?"

"चोचले नाहीत," बाई म्हणाली. "माझी घंटा आहे ती."

तो मान खाली घालून बटणं दाबत काहीतरी बोलला. बाईनं त्याच्या हनुवटीखाली बोट नेलं. "तोंड वर करून बोला. खाली बोललेलं मला पोचत नाही."

तो चपापला. मग नीट तिच्याकडं बघून म्हणाला, "सॉरी. पण हुकूम आहे. प्रोग्राम अडकला तर खापर माझ्या डोक्यावर फुटतं." आणि त्यानं करामतींची पेटी बंद केली, वर पासवर्डचं कुलूप घातलं, आणि मॅनेजरांच्या नावानं आलेली सूचना तिच्या पडद्यावर ठेवून दिली: सर्व इफेक्ट बंद ठेवावेत, निरोपासाठी मोठा स्पीकर वापरावा. स्पीकरही त्यानं बॅगेतून काढून खिळ्यावर टांगला.

मॅनेजर आले. उंच, टापटीप, सगळ्यांशी गोड बोलणारे. गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही ही मोठी पंचाईत असते. ते म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. या खुर्चीला आता कान लागणार. तुम्हाला मागच्या खोलीत देतो, लेबलांवर. पगाराला धक्का नाही. डोक्याला ताप नाही. उलट आरामच आहे." मग ते सिस्टिमवाल्याकडं वळून म्हणाले, "यांना पटलंय का विचारा."

बस. तिथंच ठिणगी पडली. बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "मला विचारा!" ती ओरडली. काचा हादरल्या, बाहेर मुकादमाच्या हातातला चहा सांडला. "मी इथं उभी आहे. मला विचारा, आणि माझं उत्तर नाही असं आहे."

मॅनेजर तरी हसतच होते. "उद्याचा दिवस मी स्वतः बसतो या खुर्चीवर," ते म्हणाले. "तुम्ही शेजारी बसून बघा, किती सोपं झालंय ते. मग परवापासून मागं."

घरी आल्यावर बाईनं हे सगळं सांगितलं तेव्हा नवरा एका मशीनचा चाक-पट्टा काढत बसलेला. तो ऐकत राहिला, हात पुसले, आणि तिच्या समोर बसून सावकाश म्हणाला, "पगार तोच आहे ना? मग जाऊ दे की. कशाला त्रागा करून घेतेस?"

"तू सुद्धा?"

"मला तुझी काळजी वाटते म्हणून म्हणतो. तू भांडशील, आणि ते काढून टाकतील. मग लेबलंही नाहीत."

सासूबाईंनी दिवा दोनदा चमकवला, म्हणजे मला बोलायचंय. बाई वळली. "मागच्या खोलीत पंखा आहे का?" सासूबाईंनी विचारलं. "आहे," बाई म्हणाली. "मग बस की निवांत. माझ्या आयुष्यात मला कुणी बसायला सांगितलं असतं तर मी उठले नसते."

बाईला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं. तिनं ओढणीनं डोळे पुसले. "आई, पंख्याचा प्रश्न नाही. त्या खोलीत कुणी कुणाशी बोलत नाही. तिथं माझ्याकडं कुणी काही विचारायला येणार नाही. या खुर्चीवर बसले की रोज बाहेरची सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघतात, कुठं जायचं ते मला विचारतात. खुर्ची गेली की मी पुन्हा 'हिला हवाय का विचारा' होणार. मला नाही व्हायचं पुन्हा तसं. काढून टाकायचं तर टाकू देत, पण मी माझ्या पायानं मागं जाणार नाही."

 नवरा उठला, भिंतीपाशी गेला आणि दिव्याचं बटण दोनदा दाबलं. ती तर त्याच्याकडंच बघत होती, हाक मारायची काही गरज नव्हती. "जा मग," तो म्हणाला. "आणि गप्प बसू नकोस. तुला जमतही नाही म्हणा."

सकाळी मॅनेजर तिच्या खुर्चीवर बसले. खुर्ची त्यांना बुटकी पडत होती, गुडघे टेबलाला लागत होते. सिस्टिमवाला कोपऱ्यात आपल्या बॅगेवर बसून राहिला, नवा प्रोग्राम नीट चालतो का बघायला. बाई शेजारच्या स्टुलावर. केबिनच्या मागच्या काचेपलीकडं हमालांचा लाकडी बाक, त्यावर मुकादम आणि त्याची माणसं नेहमीसारखी टेकलेली, बाईंच्या खुर्चीच्या पाठीकडं तोंड करून.

पहिला निरोप आला. कोपऱ्यातली इवलीशी चौकट आली आणि गेली. मॅनेजर फोनवर कुणाशी तरी बोलत होते. बाईच्या जिभेला खाज सुटली. नाही म्हटलं तरी बाहेर गाडी उभी होती. "साहेब, गाडी आली," ती म्हणाली.

मॅनेजरनी फोनवर हात ठेवला. "मला ऐकू येतं, बाई," ते हसून म्हणाले. "तुम्ही निवांत बसा. तोंडाला विश्रांती द्या."

"बरं," बाई म्हणाली. तिनं स्टूल उचललं, गरकन फिरवलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. हाताची घडी घातली. भिंतीवर आग विझवायच्या सूचनांचा तक्ता होता, तो ती वाचत राहिली.

यानंतर काय झालं ते तिला दिसलं नाही, पण नंतर इतक्यांदा इतक्यांनी सांगितलं की दिसल्यासारखंच झालं. पहिली गाडी लागली कशीबशी. तेवढ्यात शीतखोलीचा कॉम्प्रेसर सुरू झाला. मग चार नंबरचं शटर वर गेलं, ते तर किंचाळतंच. स्पीकर आपल्या जिवाच्या आकांतानं टिंग टिंग करत होता, आणि त्या गदारोळात ती टिंग कुणाच्या बापाला ऐकू जाणार? मॅनेजर एका कानात बोट घालून फोनवर बोलत होते. सिस्टिमवाला प्रोग्राममधले आकडे बघत होता. आणि बाकावरची माणसं? ती आरामात बसलेली. कुणी तंबाखू मळतंय, कुणी डुलकी काढतंय. त्यांना वाटत होतं, त्या एकीनंतर आज गाड्याच नाहीत. चांगला दिवस उगवला.

वॉचमन धावत आला तेव्हा घामानं निथळत होता. त्यानं काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "साहेब, निरोपावर निरोप पाठवतोय! रांग पार वळणाच्या पलीकडं गेली! दुधाची गाडी तापतेय, ड्रायव्हर माझ्या अंगावर येतोय!"

काचेला हात लागला की तिची थरथर भिंतीत उतरते. बाईला ती भिंतीला टेकलेल्या गुडघ्यांत जाणवली. ती वळली.

मॅनेजरांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलं होतं. माणूस घाबरला की आधी दुसरा कोण सापडतो ते बघतो. "बाई! तुम्ही इथं बसला होतात, तुम्हाला कळलं नाही?"

"मला कुठलं ऐकू येतंय, साहेब?" बाई म्हणाली. आणि मग उभी राहिली. तिच्या आवाजाला आता आवर नव्हता, आणि तिला तो घालायचाही नव्हता. "मी बहिरी. मान्य. पण तुम्हाला कान आहेत. यांना कान आहेत. बाहेर बाकावर एवढी माणसं बसलीत, प्रत्येकाला दोन दोन कान आहेत. तुम्ही सगळ्यांनी मिळून काय ऐकलंत ते सांगा मला!"

 मॅनेजर तावातावानं केबिनचं दार उघडून बाकाकडं गेले. "मुकादम! स्पीकर ऐकू आला नाही? उठायचं कळत नाही?"

मुकादम गोंधळला. खरंच गोंधळला, तो काही नाटक करत नव्हता. तो म्हणाला, "साहेब, काच काळी झाली नाही."

"काच?"

"ही काच. बाईंची." त्यानं बाईंच्या मोठ्या पडद्याकडं बोट दाखवलं, जो काचेतून बाकावरून सरळ दिसायचा. "ती काळी होते, मधे पांढरं थरथरतं, की आम्ही उठतो. मग बाई नंबर ओरडतात. इथं आवाज कुणाला येतोय? कॉम्प्रेसर लागल्यापासून आम्ही ती टिंग कधी ऐकलेलीच नाही." त्यानं मागं वळून आपल्या माणसांना विचारलं, "ऐकली का रे कुणी?" सगळ्यांनी माना हलवल्या.

बाई दारात उभी राहून त्याचे ओठ वाचत होती. हे तिलाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटायचं, ती थरथर आपल्या एकटीसाठी आहे. आपल्या कानांची उणीव आपण गुपचूप भागवतोय. आणि तिच्या पाठीमागं अख्खं गोदाम तिच्याच हाकेवर उठत-बसत होतं.  पण ती वेळ रडायची नव्हती.

मॅनेजर शहाणे होते, लगेच सावरले. बाईंकडं तोंड करून, नीट, ओठ दिसतील असं म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या मशीनवर इफेक्ट चालू करून देतो. अपंगांसाठी खास सवलत म्हणून. वरच्यांना मी समजावतो."

दुसरी कुणी असती तर आभार मानून खुर्चीवर बसली असती. बाहेर हॉर्न वाजत होते, ते बाईला सोडून सगळ्यांना ऐकू येत होते.

"सवलत नको," बाई म्हणाली.

"म्हणजे?"

"सवलत आज देतात, उद्या काढतात. आणि ती मला कशाला? मला काय मिळतंय त्यात? ही घंटा माझी एकटीची नाही, आत्ता ऐकलंत तुम्ही. वर असं सांगा, की गोदामाची घंटा आहे, आणि ती चालवायला मी आहे. तसं सांगणार असाल तर मी बसते. नाहीतर हे स्टूल आहेच, आणि तो आगीचा तक्ता अजून अर्धा वाचायचा राहिलाय."

"बाई, बाहेर दूध तापतंय!"

"ठाऊक आहे. माझं घर याच गोदामातल्या दुधावर चालतं."

मॅनेजरनी मुकादमाकडं बघितलं. "तुम्ही उठा आधी, गाडी घ्या."

मुकादम बाकावर पुन्हा टेकला. त्याच्यामागोमाग बाकीचेही टेकले. "काच काळी झाल्याशिवाय उठायची सवय नाही, साहेब," तो म्हणाला. "कुठल्या शटरला जायचं तेही कळायला पाहिजे ना." आणि त्यानं चेहरा असा काही भोळा केला की सिस्टिमवाल्याला तोंड फिरवून हसावं लागलं.

मॅनेजर काचेपाशी उभे राहिले. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मग त्यांनी सिस्टिमवाल्याला हात केला. "लावा. गोदामाची घंटा म्हणून लावा. मी सांगतो वर."

"साहेब, पण प्रोग्राम अडकला तर..." सिस्टिमवाला म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. यंत्र गरीबच होतं. बाईनं त्याचा हात धरला आणि लॅपटॉपच्या पाठीवर ठेवला. "हात इथं ठेवून बसा दिवसभर. तापला तर मला सांगा, मी स्वतः बंद करीन. पण माझ्या हातानं." त्यानं क्षणभर तसाच हात ठेवला, मग पासवर्ड टाकला आणि कुलूप काढलं.

बाई आपल्या बुटक्या खुर्चीवर बसली. वॉचमन फाटकाकडं पळाला. तिनं थरथर चालू केली, काळोख चालू केला. आणि मग, बाहेर दुधाची गाडी असतानाही, तिनं एक गोष्ट केलीच. पेटीत खाली जाऊन ती जुनी, टाकून दिलेली आग चालू केली. पडद्यावर मॅनेजरांच्या नावाची सूचना अजून उघडीच होती: सर्व इफेक्ट बंद ठेवावेत. तिनं ती बंद केली. कागदाच्या खालच्या कडेला ज्वाळा लागल्या, 'स्पीकर' जळाला, 'ठेवावेत' जळालं, 'बंद' जळालं, 'सर्व इफेक्ट' जळून वर गेलं आणि पडदा मोकळा झाला. लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागला. मॅनेजरना ऐकू आला, सिस्टिमवाल्याला ऐकू आला. बाईनं तळहात टेकवून बघितलं, लॅपटॉप चांगलाच तापला होता. तिनं आग बंद केली. तिला जे करायचं होतं ते झालं होतं.

वॉचमनचा निरोप आला. सगळा पडदा काळा झाला आणि मधोमध ती पांढरी खिडकी थरथरली. काचेपलीकडं बाकावरची माणसं एकदम उठून उभी राहिली. बाईनं खुर्चीतल्या खुर्चीत वळून त्यांच्याकडं बघितलं, सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडावर होते. तिनं भरपूर श्वास घेतला.

"तीन नंबर मोकळं आहे रे! दूध आधी! चला!"

मॅनेजर तिच्या अगदी जवळ उभे होते, ते दचकून दोन पावलं मागं सरले. "बाई," ते म्हणाले, "जरा हळू."

बाईनं त्यांच्या ओठांकडं बघितलं. तिला नीट कळलं होतं. "नाही," ती म्हणाली, आणि पुढच्या निरोपाकडं वळली.